काळं पाणी एका संध्याकाळीत उरकू नका

दिवाळी जवळ आली की जळगावच्या नवी पेठेत आणि धुळ्याच्या पाचकंदील भागात टूरवाल्यांच्या दारावर अंदमानचे फलक लागतात. निळं पाणी, पांढरी वाळू, माडाखाली हसणारं चौकोनी कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत ‘पाच रात्री, सहा दिवस’. आत जा, छापील कागद मागा आणि फक्त पहिला दिवस वाचा. आगमन. हॉटेल. कॉर्बिन्स कोव्ह बीच. सेल्युलर जेल. ध्वनी-प्रकाश कार्यक्रम. रात्रीचं जेवण. दुसऱ्या दिवसाची पहिली ओळ : पहाटे आवरून बोटीने स्वराज द्वीप.

हा पहिला दिवस चुकीचा आहे. खान्देशातल्या घरांसाठी तर फारच चुकीचा. आणि आपण तो वर्षानुवर्षं निमूट विकत घेतो आहोत.

आधी साधा हिशेब मांडू. जळगावहून पोर्ट ब्लेअरला सरळ विमान नाही. (सप्टेंबर २०२४ पासून त्या शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, आपल्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच.) धुळ्याला तर प्रवासी विमानच नाही. म्हणजे धुळेकराची सहल सुरू होते रात्रीच्या खासगी बसमध्ये, जळगावकराची मुंबईच्या गाडीत. भुसावळकडचे काही जण हावड्याची गाडी धरून कोलकात्यावरून जातात. तिकडे उतरणारी बहुतेक विमानं सकाळपासून दुपारपर्यंतची, म्हणून आदली रात्र विमानतळाच्या खुर्च्यांवर काढावी लागते. मध्येच चेन्नईला किंवा कोलकात्याला विमान बदलायचं. त्याआधी घरी दोन दिवस दशम्या, तिखट पुऱ्या, शेव, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यांच्या गोळ्यांचे डबे आणि शेजारी ठेवायची किल्ली हा सगळा भार घरातल्या बाईने उचललेला. ती पोर्ट ब्लेअरला उतरते तेव्हा तिची झोप मोडून जवळजवळ दीड दिवस झालेला असतो. आणि कागद म्हणतो, तीन वाजता खाली लॉबीत या.

सूर्याचं तर कुणी सांगतच नाही. जळगाव साधारण साडेपंच्याहत्तर रेखांशावर, पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णवच्या जवळ. सतरा अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, मिर्झापूरवरून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेलं. त्यामुळे तिथला दिवस आपल्या सवयीपेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडालेला असतो. तीन वाजता गाडीत बसवलेलं पोर वाळूत बूट काढेपर्यंत उन्हं कलतात. त्याला समुद्र मिळतो तो अर्धा-पाऊण तास, तोही ‘चला, चला, जेल बंद होईल’ या ओरड्यात.

त्या अर्ध्या तासात काय होऊ शकतं, तेही बोलून टाकतो. आमची पोरं विहिरीत, तापीच्या डोहात, फार तर पाटाच्या पाण्यात पोहायला शिकलेली. विहिरीचं पाणी माणसाला ओढत नाही. समुद्राचं ओढतं. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा क्षणात आडवा होतो. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दल इशाऱ्याचे फलक लावलेले आहेत. ते वाचायलाही माणूस जागा लागतो. रात्रभर न झोपलेल्या आई-बापांच्या भरवशावर पोरांना पहिल्यांदाच समुद्रात उतरवणं हा धोका आहे, आणि तो पैसे भरून घेतलेला आहे.

आता जेल.

ध्वनी-प्रकाश कार्यक्रमासाठी लोक त्या अंगणात बसलेले मी पाहिले आहेत. माझ्या पुढच्या रांगेत पारोळ्याकडचं एक कुटुंब होतं. धाकटा मुलगा बापाच्या मांडीवर आडवा पडून घोरत होता, हातात वेफर्सचं उघडं पाकीट. आजीने चपला काढून सुजलेले पाय समोरच्या खुर्चीच्या दांड्यावर टेकवले होते. तिने हळूच विचारलं, ‘‘आखो काय देखनं शे रे भाऊ?’’ तिचा मुलगा म्हणाला, ‘‘माय, थोडंच ऱ्हायनं.’’ सून दोन्ही हातांनी मोबाइल उंच धरून रेकॉर्डिंग करत होती आणि तिचे डोळे मिटत होते. निवेदकाचा आवाज घुमत होता, भिंतींवर लाल-पिवळा प्रकाश फिरत होता आणि त्या चौघांपैकी एकालाही एक वाक्य ऐकू येत नव्हतं. त्यांचा यात काडीचा दोष नाही. मेहनतीचा पैसा घालून, म्हाताऱ्या आईला सोबत घेऊन, पोरांना काहीतरी मोठं दाखवावं म्हणून ते इतक्या लांब आले होते. त्यांना त्या जागी सर्वांत वाईट वेळी आणून बसवलं होतं.

आणि ती जागा कोणती? इंग्रजांनी १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांच्याच हातांनी बांधून घेतलेला तुरुंग. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारती. आज त्यांतल्या तीन उभ्या आहेत. एकेका माणसासाठी एकेक कोठडी, साधारण साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, झरोका हाताला न लागेल इतक्या उंचीवर. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोरच्या कैद्याचा चेहराही दिसायचा नाही. दाराची कडी नीट बघा, पोरांना बघायला लावा. लोखंडी दांडा दारापासून लांब जाऊन भिंतीत कोरलेल्या खोबणीत अडकतो. आतल्या माणसाने गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला तरी तो कुलपापर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी ती खोबण तेवढ्या अंतरावर आहे. कुणीतरी टेबलावर बसून कागदावर माणसाच्या हाताची लांबी मोजली होती.

खाली अंगणात कोलू ठेवलेला आहे, तेलाचा घाणा. राजबंद्यांना त्याला बैलासारखं जुंपलं जायचं. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोहून थोडं जास्त. जळगाव-धुळ्यात घराघरांत वर्षाच्या बेगमीला तेलाचा पंधरा किलोचा डबा येतो. एका माणसाने, अर्धपोटी, एका दिवसात जवळजवळ तेवढा डबा भरायचा. कमी पडला तर फटके, उभी बेडी, उपासमार. आमच्याकडच्या बायकांना तो डबा उचलताना कंबर धरावी लागते. त्यांना हे एवढंच सांगा. त्या घाण्यासमोरून त्यांचे पाय हलणार नाहीत.

पण हे सांगायला पहिल्या दिवशी वेळ नसतो. गाइड घाण्यापाशी तीन मिनिटं देतो.

विनायक सावरकर ४ जुलै १९११ रोजी इथे आले. थोरले बाबाराव त्यांच्या आधीच इथे होते. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात असूनही बराच काळ त्यांना एकमेकांना भेटू दिलं नाही. नाशिक आपल्या शेजारचं. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणूस थांबतो, हात जोडतो, फोटो काढतो. योग्यच आहे. माझी तक्रार पुढची आहे. त्या कोठडीपाशी नमस्कार केला की खान्देशी माणसाला वाटतं, आपलं इथलं काम संपलं. ते संपलेलं नसतं. आपलं, अगदी आपल्या डोंगरातलं माणूस या बेटावर मेलेलं आहे आणि त्याचं नाव आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांना माहीत नाही.

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर ओलांडा, पळासनेर मागे टाका, बिजासन घाट चढा. बिजासनी मातेच्या दर्शनाला या वाटेने धुळे-शिरपूरकडची असंख्य घरं गेलेली आहेत. लग्नानंतर जोडपी जातात, जावळं काढायला माणसं जातात. वर सेंधवा. याच घाटाच्या राखणीचं काम खाज्या नाईकांच्या घराकडे होतं. कागदोपत्री त्यांचं नाव कजारसिंग असंही येतं. १८५७ साली ते इंग्रजांविरुद्ध उठले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात याच रस्त्यावर त्यांनी इंदूरकडून मुंबईकडे चाललेला सात लाखांचा खजिना लुटला. त्यांच्याबरोबर होते बडवानी संस्थानातले भीमा नाईक. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना त्यांचा वावर. राज्याच्या सीमेची रेषा तेव्हा कुणी आखलेली नव्हती.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. भिल्ल धनुष्यबाण आणि तोड्याच्या बंदुका घेऊन दगडांच्या आडून लढले. बायाही त्या उठावात होत्या. चारशे भिल्ल स्त्रियांच्या सहभागाची नोंद शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातही आली आहे. खाज्या नाईकांचा मुलगा त्या दिवशी पडला. हाती लागलेल्या अनेक भिल्लांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या. पुढे १८६० मध्ये खाज्या नाईकांना दगाबाजीने मारलं. भीमा नाईक मात्र जंगलाच्या आधाराने आणखी कित्येक वर्षं सापडले नाहीत. अखेर १८६७ साली फितुरीने पकडले गेले आणि त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २९ डिसेंबर १८७६ रोजी पोर्ट ब्लेअरला त्यांचा मृत्यू झाला.

ही तारीख मनात ठेवा. सेल्युलर जेलची पहिली वीट बसायला तेव्हा अजून वीस वर्षं होती.

म्हणजे ज्या वास्तूला आपण काळं पाणी समजतो, तिच्या आधीचं काळं पाणी भीमा नाईकांनी भोगलं. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन या बेटांवर उतरले आणि कैद्यांची वसाहत सुरू झाली. आंबापाणीची लढाई त्यानंतर महिन्याभराने. इकडे सातपुड्यात माणसं लढत होती आणि तिकडे त्यांच्यासाठी बेट तयार होत होतं. तेव्हाच्या कैद्यांना चार भिंतींची गरज नव्हती, समुद्रच भिंत. पायात बेड्या घालून जंगल तोडायचं, दलदल भरायची, तापाने फणफणायचं. रॉस बेटावर साहेबांची घरं, चर्च, बेकरी. व्हायपर बेटावर तुरुंग आणि फाशीचा खांब. १८७२ च्या फेब्रुवारीत शेर अली नावाच्या कैद्याने खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला या बेटांवर भोसकून मारलं आणि पुढच्या महिन्यात त्याला व्हायपरवर फाशी दिली. भीमा नाईकांच्या काळ्या पाण्यातच हे सगळं घडलं.

त्यांचाही या बेटावर एक पहिला दिवस होता. साग, सालई, मोह आणि पळस यांच्यात वाढलेला माणूस, ज्याने बहुधा समुद्र आधी कधी पाहिलाच नव्हता, त्याला जहाजाच्या पोटातून बाहेर काढून त्या किनाऱ्यावर उभं केलं. ज्या पाण्याकडे बघून आपली पोरं आज टाळ्या वाजवतात, ते त्यांच्यासाठी परत न जाण्याचं पाणी होतं. माझं म्हणणं एवढंच, की हे आपल्या पोरांना बापाच्या तोंडून, आपल्या बोलीत, जागेपणी कळलं पाहिजे. टाळ्या वाजवू नका असं मी म्हणत नाही. पोरांनी वाजवाव्यात, खूप वाजवाव्यात. पण रात्री झोपताना त्यांना हे नावही माहीत असावं.

डोंगराच्या पलीकडे बडवानीत सरकारी महाविद्यालयाला शहीद भीमा नाईकांचं नाव आहे. अलीकडे, आपल्या बाजूला, टूरवाल्याच्या कागदावर, शाळेच्या सहलीच्या पत्रकात किंवा अंदमानहून आल्यावर व्हॉट्सअॅपवर पडणाऱ्या दोनशे फोटोंखाली मी ते एकदाही वाचलेलं नाही. आठवीतल्या मुलाला खान्देशातल्या भिल्लांच्या उठावावर एक-दोन ओळी मिळतात, त्या पाठ होतात आणि परीक्षेनंतर पुसल्या जातात. अंदमानला जाऊनसुद्धा त्या ओळी जाग्या होत नसतील, तर आपण तिथे नेमकं कुणाला भेटायला जातो?

तुरुंगाचा मान आपल्याला कळत नाही असं म्हणायला जागा नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली; ‘गीता प्रवचने’ नावाने ती देशभर गेली. त्याच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी दप्तरं सांभाळत बसलं आहे. नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ ला गोळी खाणाऱ्या शिरीषकुमारचं नाव इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे. मग भिल्लांच्या नाईकालाच आपण का विसरलो? मला याचं उत्तर नको तेवढं स्पष्ट दिसतं. शिरीषकुमार आपल्या पेठेतला, आपल्या शाळेतला. भीमा नाईक पाड्यावरचे. पाड्यावरच्या माणसाला आपण ऊसतोडीच्या ट्रकवर पाहतो, बांधकामावर पाहतो, इतिहासात पाहायला शिकलेलो नाही.

हेच न शिकलेपण पहिल्या दिवशी रात्री हॉटेलच्या लॉबीत पुन्हा उघडं पडतं. जेवणं होतात, लोक खोल्यांकडे निघतात आणि एखादा एजंट येऊन विचारतो, बाराटांगला येणार का? चुनखडीच्या गुहा आहेत, खारफुटीतून बोट जाते. मग आवाज खाली करून : वाटेत जारवा दिसतात. गुहांपेक्षा हे वाक्य जास्त विकलं जातं. आमच्यातले लोक डोळे मोठे करून विचारतात, कपडे घालतात का हो ते?

हे विचारू नका. जारवा या तिथल्या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून बाराटांगला जाणारा तो रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. तरी गाड्यांचे ताफे सुरूच राहिले. २०१२ मध्ये जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशाला लाज वाटली. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला फेकणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा. दुपारी आपण ज्या तुरुंगात हात जोडले, तो परक्या माणसांनी दुसऱ्याच्या मुलखात घुसून बांधला होता, आणि रात्री आपण दुसऱ्याच्या जंगलात घुसून त्याच्याकडे काचेतून बघायचे पैसे देतो. होळीला काठीच्या यात्रेत शहरातले कॅमेरे भिल्ल-पावरांच्या तोंडाजवळ कसे नेले जातात, हे आम्ही अक्कलकुव्याकडे दरवर्षी पाहतो. खान्देशच्या माणसाने तरी जारवांच्या वाटेला जाऊ नये. त्याने घरातल्या पोरांना नेमकं कारण सांगून ती सहल नाकारावी.

घाई कशामुळे होते तेही मला कळतं. केंद्राच्या नोकरदारांना अंदमानसाठी एलटीसीची खास सवलत आहे. भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीतली किती तरी घरं तिच्यावर जाऊन आली. बाकीच्यांचा पैसा स्वतःचा. मास्तरांचा थकबाकीतून आलेला, रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याचा केळीच्या एका बऱ्या हंगामातला. एवढा खर्च केला तर एकही जागा सुटायला नको, असं वाटणारच. टूरवाला याच वाटण्यावर कागद भरतो. जितक्या ओळी जास्त, तितकं पॅकेज भरगच्च दिसतं. पण ओळींचे पैसे देऊन तुम्ही झोप विकता, आणि झोप विकलेल्या माणसाला कुठलीच जागा दिसत नाही.

मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या कानावर अंदमान हे नाव दरवर्षी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडतं. पारा चव्वेचाळीसवर असतो, नांगरटीची ढेकळं तापलेली असतात, रावेरकडे वादळाने केळी आडवी होण्याची धास्ती असते, आणि बातम्यांत सांगतात, मान्सून अंदमानात दाखल. कापसाच्या बियाण्याची पाकिटं घेऊन ठेवलेला माणूस बोटांवर मोजतो : तिथून आपल्याकडे यायला तीन-साडेतीन आठवडे. धुळ्यात वर्षाला पाऊस पडतो सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे तीन हजारांच्या आसपास. त्या दिवसांत पर्यटकाने जाऊ नये, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पैसे अडकतात. पण गेलात, आणि सोबत घरातले आबा असतील, तर त्यांना पहिल्या संध्याकाळी कुठेही नेऊ नका. गच्चीवर खुर्ची टाका. आयुष्यभर ज्या ढगांची नुसती बातमी ऐकली ते ढग नैऋत्येकडून काळे होत येताना त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. पोरांनाही त्यांच्या शेजारी बसवा. हे ढग किती दिवसांनी अमळनेरला पोचतील, हे आबांइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही. एका शेतकऱ्यासाठी अंदमानातली याच्याहून मोठी जागा मला माहीत नाही, आणि ती कुठल्याच कागदावर नसते.

मग पहिला दिवस कसा असावा? झोपेचा. दुपारी हॉटेलात पोचा, अंघोळी करा, डब्यातल्या दशम्या संपवा, सगळे आडवे व्हा. चार वाजता उठून चहा घ्या आणि बंदराच्या काठाने पायी फिरा. समोर रॉस बेट दिसतं, आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. पोरांना नुसतं पाणी बघू द्या. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या मुलाला तासभर काहीही न करता त्याच्यासमोर उभं राहायची गरज असते. आपल्याला वाटतं तो कंटाळेल, तो कंटाळत नाही. आजीला बाकावर बसवा. साडेपाचला अंधार पडलेला असेल. लवकर जेवून झोपा.

दुसरी सकाळ जेलची, पूर्ण सकाळ. उन्हं चढायच्या आधी आत जा. एक इमारत वरपासून खालपर्यंत चाला. एका कोठडीत प्रत्येकाने एकटं आत उभं राहून दार लोटून घ्या. मोठ्या मुलाने भीमा नाईकांची हकीगत तिथे सगळ्यांना सांगायची. त्यासाठी निघण्याआधीच्या रविवारी त्याला बिजासन घाटात घेऊन जा, रस्ता दाखवा, खजिना कुठल्या वाटेने चालला होता ते दाखवा. दर्शनही होईल. मग दुपारी विश्रांती आणि त्याच संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम. त्याच सकाळी जी भिंत हाताने चाचपली तिच्यावर प्रकाश पडेल तेव्हा पोर झोपणार नाही. बोट तिसऱ्या दिवशी. एखादा किनारा कमी होईल, होऊ द्या. वाळू सगळीकडे सारखीच पांढरी आहे.

एजंट म्हणेल, असं होत नाही, बोटीचं सगळं आधीच ठरलेलं असतं. तुमच्या एकट्याच्या सहलीचं काहीही ठरलेलं नसतं. तिकिटं तुमचे पैसे जमा झाल्यावर निघतात. ग्रुप टूर असेल तर तो दाद देणार नाही, तेव्हा कॉलनीतली पाच-सहा घरं मिळून त्याच्या टेबलापाशी जा. अॅडव्हान्स द्यायच्या आधी त्याचाच पेन घ्या, पहिल्या दिवसाच्या रकान्यातला बीच आणि जेल खोडा, जेल दुसऱ्या सकाळी लिहा, बाराटांगवर काट मारा आणि त्याची सही घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका.